वर्गात नानकटाई भाजताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीआधी आणि नाताळच्या आठवड्यात प्राथमिक शाळांना बेकिंगचा झटका येतो. एका नानकटाईत गणित, विज्ञान, भाषा, परिसर अभ्यास सगळं बसतं हे खरंच आहे. अंडं नाही, यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही, आणि तिसरी-चौथीच्या मुलांना गोळे वळता येतात. तरी दरवर्षी त्याच चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितेय.

"येताना घरून एक वाटी आणा"

सर्वांत मोठा घोळ इथे होतो. एका शाळेत तिसरीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं: 2 वाट्या मैदा, 1 वाटी पिठीसाखर, 1 वाटी तूप. प्रमाण अगदी बरोबर. पण गटातल्या प्रत्येक मुलाने आपापली वाटी आणलेली. कुणाची आमटीची, कुणाची देवापुढे नैवेद्याला ठेवतात ती चिमुकली. गटभर एकच वाटी वापरली असती तर ती लहान की मोठी याने काही बिघडलं नसतं. इथे मैदा एकीच्या वाटीने मोजला आणि तूप दुसऱ्याच्या, कारण "माझ्या वाटीने कधी?" हा तिसरीतला सगळ्यात गंभीर प्रश्न असतो. एका गटाची नानकटाई ट्रेमध्ये वितळून सलग भाकरी झाली, दुसऱ्या गटाचा गोळाच वळेना.

यावर बाईंनी काय करावं? तो ट्रे कपाटात लपवला आणि बेकरीतून आणून ठेवलेले पुडे फोडून वाटले. मुलं खूश, पालकांच्या ग्रुपवर फोटो गेले, आणि गणिताचा अख्खा धडा कपाटात बंद. ती भाकरी मधोमध ठेवून "असं का झालं असेल?" एवढंच विचारलं असतं तर प्रमाण म्हणजे काय ते मुलांनी स्वतःच सांगितलं असतं.

माझी सवय अशी: वजनकाटा आणल्याशिवाय मैद्याची पिशवी उघडायचीच नाही. एकच कप तीन प्रकारे भरायचा: अलगद चमच्याने भरून सपाट केलेला, दाबून भरलेला, शिगोशीग. 240 मिलीच्या कपात अलगद भरलेला मैदा साधारण 120 ग्रॅम बसतो, दाबला की 150 च्याही पुढे जातो. आधी मुलांनी अंदाज वहीत लिहायचा, मग काट्यावर बघायचं. यात एक तासिका जाते. जाऊ द्या. ज्यांना तेवढाही धीर नाही ते केकचं तयार मिश्रण आणतात, ज्यात मोजण्यासारखं सगळं कारखान्यानेच मोजून टाकलेलं असतं. मग मुलांनी काय करायचं, पाणी ओतायचं?

ओव्हन कुठे लावणार, हे आदल्या दिवशी आठवणं

1500 वॉटचा ओटीजी 230 व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. वर्गातला साधा सॉकेट 6 अँपिअरचा असतो, त्यात मोबाईल चार्जरसाठी लावलेला एक्स्टेंशन बोर्ड. प्लग काळा पडतो किंवा मजल्यावरचे पंखे बंद होतात. 16 अँपिअरचा सॉकेट शाळेत कुठे आहे ते शिपाईकाकांना विचारा, मुख्याध्यापकांना माहीत नसतं. नसेल तर गल्लीतल्या बेकरीवाल्याला गाठा. दिवाळीत घरोघरच्या नानकटाया आपल्या भट्टीत भाजून देणारे बेकरीवाले अजून आहेत. दुपारी गर्दी नसताना वर्गाचे ट्रेही ते घेतात, आणि भट्टी, कामगार, पहाटेचं काम हा परिसर अभ्यास तिथे उभ्या उभ्या होतो.

वेळेचा हिशोब तर कुणीच करत नाही. 40 मुलं, ट्रेमध्ये 12 नानकटाया, एका खेपेला 20 मिनिटं. हे उदाहरण मुलांनाच घाला. बरीचशी मुलं लिहितात, भागाकार 3, बाकी 4. मग विचारा, बाकीच्या चौघांनी काय खायचं? तेव्हा कुठे चौथी खेप येते. 80 मिनिटं, वर ओव्हन तापायला 10. तुमची तासिका 35 मिनिटांची! म्हणून मळणं एका दिवशी, भाजणं दुसऱ्या दिवशी; गोळा रात्रभर फ्रिजमध्ये राहिला तर काही बिघडत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

"सोडा घातला की फुगतं" एवढंच सांगून मोकळं होणं. तीन वाट्या घ्या: पाण्यात सोडा, लिंबाच्या रसात सोडा, पाण्यात बेकिंग पावडर. पहिली गप्प, दुसरी फसफसते, तिसरीही फसफसते. तिसरी का, हे मुलांना शोधू द्या. पावडरीत आम्ल आधीच मिसळलेलं असतं हे लगेच फोडू नका.

कच्चं पीठ चाटू देणं. अंडं नाही म्हणून चालतं असं नाही, कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात.

गहू, दूध, सुका मेवा कुणाला चालत नाही हे त्याच दिवशी विचारणं. आठवडाभर आधी पालकांकडून लेखी घ्या.

मीठ घालून कुकरमध्ये भाजत असाल तर शिटी आणि रिंग काढा, आणि कुकरजवळ फक्त मोठी माणसं.

इतिहास, कविता, चित्रकला, मूल्यशिक्षण सगळं एकाच दिवसात कोंबणं. दोन विषय नीट झाले तरी पुष्कळ.

गरम नानकटाई मऊ लागली म्हणून पुन्हा आत ढकलणं. ती गार झाल्यावरच खुसखुशीत होते. घाई केली की खालून करपते. पंधरा मिनिटं ट्रेला हात लावायचा नाही. त्या वेळात "माझा आनंदाचा दिवस" असला निबंध नको, कृती लिहायला द्या आणि ती शेजारच्या गटाला वाचायला द्या. तूप कधी घालायचं हे हमखास कुणीतरी विसरलेलं असतं, आणि शेजारचा गट ते दुसऱ्याच ओळीला पकडतो.