घाटात गाडी डुलते? आधी मोजा, मग रिंग फिरवा

बेळगाव-जांबोटी रस्त्याला पिरनवाडीच्या थोडं पुढं माझं गॅरेज आहे. पावसाळा लागला की चोर्ला घाटातनं गोव्याला मोटरसायकलवरनं ये-जा करणारी पोरं थांबतात आणि तक्रार बहुतेक एकच असते: "मामा, हँडल हलुलालंय." पाठोपाठ मागणीही ठरलेली, शॉकअप कडक करून द्या. मी मात्र पाना उचलण्याआधी टेप उचलतो. गॅरेज टाकण्यापूर्वी उद्यमबागेत लेथवर काम केलंय. तिथं माप घेतल्याशिवाय टूल लावायचं नाही, हे अंगात भिनलं. ज्यांना हे काम घरच्या अंगणात करायचंय, त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका, कारण टायर किंवा कोनसेटमधला (हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग) दोष शॉकअपची रिंग फिरवून जात नाही, फक्त काही दिवस लपतो.

सुरुवात हवेपासून. ती सकाळी, टायर गार असताना मोजा. कणकुंबीपर्यंत गाडी पळवून मग मोजली तर टायर गरम झालेला असतो आणि काटा दोन-तीन पाउंड जास्त दाखवतो. आकडा चेनकव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर असतो. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढं २५ पाउंडांच्या आसपास, मागं एकट्याला ३० च्या आसपास लागतात, आणि डबलसीटला मागं त्याहून जास्त. पावसात पकड मिळावी म्हणून हवा कमी करा असं काहीजण सांगतात. डांबरी रस्त्यावर हे करू नका. हवा कमी झाली की टायर मधे दबतो, खाचा मिटतात आणि चाकाखालचं पाणी बाहेर पडत नाही. कुसमळीच्या पुढं जंगलातला रस्ता आठ-आठ दिवस वाळत नाही, तिथं हे लगेच जाणवतं.

मग ढिलेपणा शोधा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागं एकाला दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) खालचे पाय दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं ओढा. 'टक' असं लागलं तर कोनसेट ढिला. आता हँडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर गोळ्यांनी कपात खड्डे पाडलेत. असा कोनसेट आवळून उपयोग नाही, पूर्ण सेट बदला. आवळतानाही हात राखून. चाक उचललेलं असताना हँडल हलकंसं ढकललं की स्वतःच्या वजनानं एका बाजूला पडलं पाहिजे. जास्त आवळलं तर गाडी कमी वेगात सापासारखी वळवळते आणि चालवणाऱ्याला वाटतं की रस्ताच खराब आहे.

मागचं चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग. चाक सोडून चिमटाच डावी-उजवीकडे ढकला. तिथं हलला तर चिमट्याचे बुश, म्हणजे सांध्यातल्या पुंगळ्या, गेलेत. वळणात मागची बाजू उशिरा मागोमाग येते असं ज्यांना वाटतं, त्यांच्या गाडीत बऱ्याचदा हेच निघतं. आऱ्यांचं चाक असेल तर प्रत्येक आऱ्यावर पान्यानं हलकं वाजवा. सगळ्यांचा आवाज सारखा खणखणीत यायला हवा, बद्द वाजला तो ढिला.

मग चाकं एका रेषेत आहेत का ते पाहा. चिमट्यावरच्या खुणांवर मी पूर्ण विसंबत नाही. गवंड्याचा दोरा घ्या, मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी लावून पुढच्या चाकापर्यंत ताणा. पुढचा टायर अरुंद असतो, म्हणून दोऱ्यापासून त्याचं अंतर दोन्हीकडं समान भरलं पाहिजे. एका बाजूला ५ मिमी आणि दुसऱ्या बाजूला १ मिमी असेल तर मागचं चाक तिरकं बसलंय.

एवढं झालं की शॉकअप. इथं एक गैरसमज खोलवर आहे. मागच्या शॉकअपच्या खालची पायऱ्यांची रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते असं सगळे धरून चालतात. स्प्रिंग तीच राहते. रिंगनं बदलते ती गाडीची मागची उंची, म्हणजे वजन पडल्यावर ती किती खाली बसते ते. हाताळणीसाठी ही उंचीच महत्त्वाची. मागनं गाडी फार बसली की फोर्क पुढं लांब पडतो, पुढच्या चाकावरचं वजन हलकं होतं, वळणात गाडी बाहेर जाऊ बघते आणि हँडल थरथरतं. उलट मागनं फार उचललीत तर फोर्क उभा होतो, गाडी चटकन वळते खरी, पण सरळ रस्त्यावर स्थिर राहत नाही आणि उतारावर ब्रेक मारला की सगळं वजन पुढं कोसळतं. चोर्ल्याचा उतार उतरताना हे नको.

मोजायचं असं. मेन स्टँडवर मागचं चाक लोंबकळू द्या. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या पक्क्या बोल्टपर्यंत माप घ्या आणि लिहा. आता गाडी स्टँडवरून काढा, चालवणारा नेहमीच्या जर्किन-हेल्मेटसकट बसू दे, पाय फूटरेस्टवर, आणि पुढनं एकानं हँडल धरू दे. सीट दोन-तीनदा दाबून सोडा, गाडी स्थिरावली की तेच माप परत घ्या. समजा आधी ५२० मिमी होतं आणि आता ४८७ भरलं, म्हणजे गाडी ३३ मिमी बसली. चाकाची एकूण चाल, म्हणजे चाक जितकं वर-खाली जाऊ शकतं ते अंतर, १०० मिमी असेल तर हे योग्य आहे. चालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास बसायला हवी. चाल मॅन्युअलमध्ये मिळते. ४११ सीसीच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनची मागची चाल १८० मिमी आहे, म्हणजे तिथं ६० मिमीपर्यंत बसणं ठीक. ५० किलोचं पोर आणि ९० किलोचा माणूस यांना एकच पायरी चालत नाही, हे माप घेतल्यावर डोळ्यांनी दिसतं.

जास्त बसत असेल तर एक पायरी वर, कमी बसत असेल तर एक खाली. दोन शॉकअप असतील तर दोन्ही बाजू एकाच पायरीवर, नाहीतर चिमटा पिळतो. फिरवण्याआधी रिंगवरची तांबडी माती पितळी ब्रशनं आणि थोड्या डिझेलनं साफ करा. आपल्या खानापूर बाजूची माती वाळली की सिमेंटसारखी धरते. छिन्नी आणि हातोडा लावू नका. त्यानं रिंगच्या खाचा मोडतात. हुकाचा पाना स्वस्तात मिळतो.

माप बरोबर असूनही गाडी झोके घेत असेल तर डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरण्याची शॉकअपची ताकद, तपासा. सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन एका दमात थांबली पाहिजे. दोन-तीनदा खालीवर झाली तर शॉकअपमधलं ऑइल किंवा गॅस गेलाय. लहान गाड्यांचे शॉकअप उघडून भरण्याऐवजी जोडीनं बदला. पुढच्या फोर्कला बहुतेक गाड्यांत कसलीच रिंग नसते, म्हणून तिकडं दुर्लक्ष होतं. तिथं ऑइल हीच सेटिंग. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं आणि दोन्ही पायांत अगदी समान भरा. सील गळत असेल तर वाट बघू नका, ते ऑइल ब्रेकवर उतरतं. पुढचं चाक काढून बसवलं असेल तर अ‍ॅक्सल आवळल्यावर पुढचा ब्रेक दाबून फोर्क काही वेळा खालीवर करा आणि मगच खालचा क्लॅम्पचा बोल्ट आवळा. फोर्कचे पाय आपापल्या जागी सरळ बसतात आणि लहान खड्डेही मऊ लागतात.

आता ओझं. आमच्या भागातले दूधवाले याबाबतीत सगळ्यात जास्त सोसतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं लिहितो. ४० लिटरच्या एका कॅनमध्ये ४१ किलोंच्या आसपास दूध असतं. दोन कॅन म्हणजे ८२ किलो, कॅनचं वजन वेगळं. १०० सीसी गाडीची क्षमता चालकासकट १३० किलोंच्या जवळपास असते. ६५ किलोचा माणूस धरला तर ती तिथंच ओलांडली, आणि कोणतीही रिंग त्यावर उपाय नाही. २० लिटरचे कॅन घ्या. हुक असे वेल्ड करून घ्या की कॅन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढं आणि जमेल तितका खाली लटकेल. अ‍ॅक्सलच्या मागं टांगलेलं वजन पुढचं चाक उचलू पाहतं. दूध घालून रिकामं परतताना रिंग वरच राहते आणि मागचं चाक खड्ड्यावर उडतं. म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या फेरीच्या मधली पायरी धरा आणि डेअरीवरनं परत येताना वेग आवरा. बाची-शिनोळीवरनं आंबोलीला फिरायला जाणाऱ्यांनाही हेच सांगणं: जड सामान सीटच्या टोकाला बांधू नका, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत समान वाटा.

उंची बदलली की चेनही बघा. चेनची ढील बहुतेक लहान गाड्यांत २० ते ३० मिमी असते. चाक फिरवत जिथं चेन सगळ्यात ताठ लागते तिथं मोजा, आणि एकदा माणूस बसवूनही बघा. ताठ चेन चिमट्याला वर जाऊच देत नाही, मग शॉकअप कितीही चांगला असला तरी दगडासारखा लागतो.

चाचणीला दर वेळी तोच रस्ता, तोच वेग, आणि एका वेळी एकच बदल. पिरनवाडी ते किणये हा पट्टा मला पुरतो. हवा, पायरी, वजन आणि कसं वाटलं ते वहीत लिहा. हँडलवरचे हात सोडून थरथर तपासायची नाही, अजिबात नाही.

शेवटी हेडलाइट. मागची उंची बदलली की उजेडाचा झोतही हलतो. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, चालवणारा बसलेला असू दे, लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा. लो-बीमची वरची कड त्या खुणेच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली हवी. जास्त वर गेली तर चोर्ल्याच्या धुक्यात उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर येतो, आणि समोरनं येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही.