चार पुतळ्यांपासून होम मैदानापर्यंत: काम काढण्याआधीची तयारी

सोलापुरातल्या चार पुतळे ते होम मैदान या परिसराच्या विकासाच्या आराखड्याला हात लावण्याआधी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, तारखा समोर ठेवा. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज (मिरवणुकीत उभ्या नेल्या जाणाऱ्या उंच काठ्या), संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचं होम प्रदीपन, शोभेचं दारूकाम आणि नंतरही उभी राहणारी दुकानं, पाळणे. सोलापूरचा हा परिसर गड्ड्याच्या गर्दीच्या मापानेच बेतला पाहिजे. एरवी संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची सोय त्यात सहज होते.

पहिलं मोजमाप नंदीध्वजांच्या वाटेचं. हिरेहब्बू वाड्यापासून मंदिरापर्यंतचा मार्ग मानकऱ्यांबरोबर पायी चाला. उभ्या काठीला वर किती मोकळीक लागते, वळताना ती किती कलते, विसाव्याला कुठे टेकते, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. यात्रेआधीचा सराव चालू असताना टेप घेऊन गेलात तर अंदाज करावा लागणार नाही. मग आडव्या केबल, झुकलेल्या फांद्या आणि नव्या दिव्यांच्या खांबांच्या जागा तपासा. प्रवेशाची देखणी कमान हा सगळ्यात महाग पडणारा हट्ट आहे. काठी अडली तर कमान पाडावीच लागते.

भुईकोट किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. या दोन्ही रेषा नकाशावर आधी आखा, कारण स्वच्छतागृह, तिकीटघर, खाऊगल्ली नेमकी पहिल्या पट्ट्यात बसवली जाते आणि निविदा निघाल्यावर काम थांबतं.

आता माती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर थेट फरशी टाकली की दोन पावसाळ्यांत ती उचलली गेलीच म्हणून समजा. दीड-दोन मीटर खोल चाचणी खड्डे घ्या, काळा थर लागेल तिथे तो काढून मुरूम थराथराने पाणी मारून दाबा. पायवाटेला 60 मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक पुरतात. अग्निशमनाची गाडी जिथून जाईल तिथे 80 चे घ्या. मैदानाच्या मधल्या भागात मात्र पेव्हर नकोतच. दुकानदार खांब रोवायला पहारीने ब्लॉक उखडतात, त्यात त्यांची चूक नाही. तिथे दाबलेला मुरूम ठेवा, खांब रोवायला ठरावीक अंतरावर झाकणाची लोखंडी नळकांडी पुरा, त्यांच्याजवळ वीज आणि पाण्याचे पॉइंट द्या. धुळीसाठी पाणी मारायची सोय त्यातच होते.

पाणी शहरात काही दिवसांआड येतं, म्हणून टाकी रोजच्या वापरावर मोजू नका. रोज 2,000 माणसं, माणशी 5 लिटर धरले तर दिवसाला 10,000 लिटर होतात. पाच दिवसांची साठवण म्हणजे 50,000. यात्रेसाठी टँकर लावायची जागा वेगळी राखा.

सिद्धेश्वर तलावाकडे येणारा प्रत्येक नाला मे महिन्यात जाऊन पाहा. भर उन्हाळ्यात जो वाहतो, त्यात सांडपाणी आहे. तो वळवल्याशिवाय काठावर कारंजं बसवलं, तर ते घाण पाणीच उडवेल.

हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहासाठी नेपथ्याचा ट्रक मागे वळतो का, आणि बाहेर पडायचे दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडतात का, एवढं नक्की बघा. व्हीलचेअरच्या उताराला 1:12 पेक्षा जास्त चढ नको.

फेरीवाल्यांची नोंद नगर पथविक्रेता समितीमार्फत आधी करा, जागा नंतर आखा.

फलक मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषांत हवेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे ही चार पुतळ्यांच्या हुतात्म्यांची नावं आणि त्यांच्या फाशीची 12 जानेवारी 1931 ही तारीख त्या त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासूनच दगडावर कोरायला द्या.

खोदाई यात्रा उठल्यावर सुरू करा. जमिनीखालचं सगळं, म्हणजे गटार, केबल, पाइप, मेअखेर बुजवलेलं असावं. सप्टेंबरच्या पावसात उघडा चर म्हणजे चिखल. नोव्हेंबर संपताना मैदानात खडीचा एकही ढीग नको.