झटपट स्वयंपाक नेमका कुठे बिघडतो? या चुका टाळा

संध्याकाळी सात-साडेसातला घरी परतल्यावर पाऊण तासात ताटे वाढायची असतील, तर सांगली-साताऱ्याकडच्या बहुतेक घरांतील बेत ठरल्यासारखेच असतात. पिठले-भाकरी, आख्खा मसूर, एखादी उसळ, आमटी-भात, नाही तर सकाळच्या उरलेल्या भाताला फोडणी. यातील एकही पदार्थ अवघड नाही, आणि तरीही हेच पदार्थ सर्वांत जास्त वेळा बिघडतात. माझ्या स्वयंपाकघरातील अनुभव असा, की वेळ वाचवण्याच्या नादात आपण नेमकी तीच दोन मिनिटे गाळतो ज्यांवर पदार्थ अवलंबून असतो, आणि जिथे खरोखर वेळ वाचवता येईल तिथे, म्हणजे सकाळी कडधान्य भिजत घालणे किंवा दळण वेळेवर आणणे अशा कामांत, चालढकल करतो.

भाकरीपासून सुरुवात करतो, कारण तक्रारी तिच्याच जास्त असतात. आमच्या शेजारी नव्याने राहायला आलेली एक सून एकदा परात घेऊनच आमच्या आईकडे आली होती. "काकू, बघा ना, थापताना कडेनं तडकतेय. पाणी वाढवलं तर हाताला चिकटतंय." आईने पिठाला हात लावून एवढेच विचारले, "दळण कधी आणलंयस?" महिना होऊन गेला होता. "मग विरी गेली की गं त्याची," आई म्हणाली. गव्हात ग्लुटेन असते, त्यामुळे कणीक ताणली तरी धरून राहते. ज्वारीत ते नसते, म्हणून भाकरी टिकते ती केवळ पिठाच्या चिकटपणावर, ज्याला आपल्याकडे विरी म्हणतात. शाळूचे (रब्बी ज्वारीचे) पीठ ताजे असेल तर साध्या कोमट पाण्यातही भाकरी होते, जुन्या पिठाला मात्र उकळते पाणीच लागते. म्हणून एका वेळी आठ-दहा दिवस पुरेल एवढेच दळण आणावे. बाजरीच्या बाबतीत तर हे अधिकच पाळावे, कारण तिच्यातील स्निग्धांश लवकर खवट होतो आणि पीठ कडवट लागू लागते.

विरी गेलेले पीठ टाकून द्यायची गरज नसते. पातेल्यात पाणी खळखळ उकळावे, चिमूटभर मीठ घालावे, गॅस बंद करून त्यात पीठ सोडावे आणि उलथन्याच्या दांड्याने ढवळून पाच-सात मिनिटे झाकून ठेवावे. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, म्हणजे गेलेली विरी काही प्रमाणात परत मिळते. ही उकड हाताला सोसेल इतकी निवली की तळहाताच्या टाचेने रगडून मळावी. येथे मात्र कंजूषी करू नये. एकेका भाकरीपुरते पीठ पुढ्यात घेऊन ते मिनिटभर तरी रगडावे लागते, आणि सगळ्या भाकऱ्यांचे पीठ एकदम मळून ठेवले तर शेवटच्या दोन हमखास चिरतात.

भाकरी फुगत नाही याचे कारण मात्र बहुधा पिठात नसते, तर तव्यावरील पाण्यात असते. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकतात आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवतात. ती उलटण्याचा क्षण अगदी थोडा असतो. पाण्याची चकाकी गेलेली आहे, पण बोट टेकवले तर ओल जाणवते आहे, अशा वेळी ती उलटावी. त्याआधी उलटली तर ओली बाजू तव्याला चिकटते आणि उलथन्यासोबत तुकडे येतात. पाणी पूर्ण सुकू दिले तर वरचा थर कोरडा पडून त्याला बारीक भेगा जातात, पुढे वाफ त्या भेगांतूनच निघून जाते आणि पापुद्रा सुटत नाही. फोन खांद्याला लावून भाकऱ्या करणाऱ्यांच्या ताटात चपट्या भाकऱ्या येतात त्या या एका क्षणामुळे. तव्याचा ताव हीदेखील तितकीच महत्त्वाची गोष्ट आहे. पहिली भाकरी टाकण्यापूर्वी तव्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा, तो लगेच चरचरून उडून गेला पाहिजे.

आता आख्खा मसूर. इस्लामपूर-कराडच्या पट्ट्यात हा पदार्थ ढाब्यांवर इतका रुळला आहे, की घरी तसाच व्हावा अशी प्रत्येकाची अपेक्षा असते. घरी तो फसतो तो दोन टोकांच्या चुकांमुळे. काही जण मसूर थेट कुकरमध्ये टाकून चार शिट्ट्या घेतात, आणि झाकण उघडल्यावर आख्खा मसूर राहात नाही, त्याची आमटी झालेली असते. काही जण सुरुवातीलाच टोमॅटो आणि चिंच घालतात, मग मसूर बाहेरून शिजल्यासारखा दिसतो आणि दाताखाली टचटचतो. आंबटपणामुळे कडधान्याचे कवच आणि त्यातील पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर मऊ पडत नाही, हे त्यामागचे कारण. तेव्हा मसूर अर्धा-पाऊण तास भिजवावा, मीठ-हळद घालून एक शिट्टी घ्यावी, मंद आचेवर तीन-चार मिनिटे ठेवून गॅस बंद करावा आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. दाणा बोटांत दाबला असता मऊ लागला पाहिजे, पण फुटता कामा नये. टोमॅटो वेगळ्या कढईत कांदा, आले-लसूण आणि चटणीबरोबर (म्हणजे कांदा-लसूण मसाल्याबरोबर) तेल सुटेपर्यंत परतून घ्यावा आणि त्यानंतरच मसूर त्यात सोडावा. मसूर कुकरमध्ये असताना हे परतणे होते, त्यामुळे एकूण वेळ वाढत नाही.

शिट्ट्या मोजण्याच्या सवयीविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. शिट्टी म्हणजे शिजण्याचे माप नव्हे, ती जास्त झालेली वाफ बाहेर पडल्याची खूण आहे. कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आतील पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला पोहोचते, आणि त्यानंतर आच मोठी ठेवली तरी तापमान वाढत नाही, फक्त शिट्ट्या वाढतात, पाणी कमी होते आणि गॅस जळतो. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटे मोजणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

कडधान्य कितीही शिजवले तरी गणंग राहात असेल, तर दोष तुमच्या कुकरचा नसून पाण्याचा किंवा दाण्याच्या वयाचा असण्याची शक्यता अधिक. दोन वर्षे डब्यात पडलेला हरभरा लवकर शिजत नाही. बोअरचे जड पाणी असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कवचाला घट्ट करतात, आणि नळाच्या पाण्यात अर्ध्या तासात होणारी उसळ बोअरच्या पाण्यात तासभर घेते. अशा ठिकाणी निदान भिजवायला आणि शिजवायला तरी नळाचे किंवा आरओचे पाणी वापरावे. चिमूटभर सोड्याने दाणे लवकर मऊ होतात हे खरे, परंतु सोडा जास्त झाला की उसळीला साबणासारखी चव येते, काही जीवनसत्त्वे नष्ट होतात आणि हळद घातलेल्या रस्स्याचा रंग पिवळ्याचा तांबूस होतो. हळदीचा हा गुण आपल्याला परका नाही, हळदीला चुना लावूनच पूर्वापार कुंकू बनत आले आहे. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या सांगलीत हळदीचा रंग भांड्यात बिघडवणे बरे दिसत नाही.

घेवड्याच्या बाबतीत चूक केवळ चवीची राहात नाही. कोरेगाव भागातील वाघ्या घेवडा राजम्याच्याच कुळातील आहे, आणि या कुळातील कच्च्या दाण्यांत लेक्टिन प्रकारचे असे एक प्रथिन असते ज्यामुळे उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. घेवडा रात्रभर भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय पुढे जाऊ नये. कुकरमध्ये तो व्यवस्थित शिजला तर काळजीचे कारण उरत नाही. अडचण येते ती मंद आचेवर नुसता गरम करून "झाला असेल" असे समजण्यात.

मिठाविषयीची चूक माझ्याच हातून झालेली आहे. आपल्याकडे चटणी म्हटले की बहुधा कांदा-लसूण मसालाच समोर येतो, जो उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, डंकावर कुटून वर्षाचा करून ठेवतात. तो टिकावा म्हणून त्यात खडे मीठ आधीच घातलेले असते. मी एकदा दुसरीकडच्या कृतीप्रमाणे "दोन चमचे लाल तिखट, चवीप्रमाणे मीठ" असे वाचून दोन चमचे चटणी आणि वर नेहमीचे मीठ घातले. पाहुणे जेवायला बसले होते आणि आमटी तोंडात धरवत नव्हती. कोणीतरी कच्चा बटाटा टाकायला सांगितले, तोही टाकला. बटाटा खारट झाला, आमटी तितकीच खारट राहिली. बटाटा मीठ वेगळे ओढून घेत नाही, तो खारट पाणीच शोषतो, त्यामुळे उरलेल्या आमटीतील मिठाचे प्रमाण फारसे बदलत नाही. यावर उपाय एकच, बिनमिठाचे काहीतरी वाढवणे: शिजवलेली तूरडाळ, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, गरम पाणी. त्या रात्री डाळीचा आणखी एक कुकर लावावा लागला आणि आमटी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरली. चटणी वापरायची असेल तर मीठ निम्म्याने सुरू करावे आणि उकळी आल्यावर चाखून वाढवावे. चटणीच्या बरणीत ओला चमचा घालू नये हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो, कारण पावसाळ्यात बुरशी येते ती अशाच एका ओल्या चमच्याने.

पिठल्यात गुठळ्या होतात, कारण कोरडे बेसन उकळत्या पाण्यात पडताच प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात शिजतो आणि आतले पीठ कोरडे अडकून राहते. बेसन आधी साध्या पाण्यात कालवून घ्यावे आणि मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात एका हाताने धार सोडत दुसऱ्या हाताने ढवळावे. इतके करूनही गुठळ्या झाल्याच तर रवीने घुसळावे, पाहुण्यांना कळणार नाही. पिठले निवताना घट्ट होते, म्हणून उतरवताना ते थोडे पातळच असावे. झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ काढल्याशिवाय कच्च्या बेसनाचा उग्र वास जात नाही.

कढी फुटते ती ताक एकटेच तापवल्यामुळे. ताकात बेसन कालवून घेतले, सतत ढवळले आणि उकळी फुटण्याआधी आच कमी केली की ती फुटत नाही, कारण बेसनातील स्टार्च ताकातील प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. चिंचेची आमटी किंवा कढी जर्मनच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये, आंबट पदार्थ ॲल्युमिनियमवर परिणाम करतात आणि चवही बदलते. फोडणीविषयी एवढेच, की मोहरी तडतडेपर्यंत थांबावे आणि हळद-तिखट आच बंद केल्यावर घालावे. जळालेल्या तिखटाचा ठसका सगळ्या घराला लागतो.

राहिला फोडणीचा भात, जो सर्वांत झटपट आणि सर्वांत निष्काळजीपणे केला जाणारा पदार्थ आहे. दुपारी उरलेला भात एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ओट्यावर संध्याकाळपर्यंत झाकून ठेवणे धोक्याचे असते. तांदळातील बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहू शकतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेल्या एका विषावर नंतरच्या फोडणीचाही परिणाम होत नाही. म्हणून उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा, जास्तीत जास्त दोन तासांत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. गार भात मोकळा असल्याने फोडणीही त्यावर चांगली बसते. कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता आणि थोडी चटणी घालून मोठ्या आचेवर परतावा, वाफाळला की वरून लिंबू पिळावे. सोबत भाजलेला पापड असेल तर दुसरे काही करायला नको.