खडतर परिस्थितीतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी नेतृत्व कार्यक्रम कसा उभारावा

घरातला मृत्यू, व्यसन, मारझोड, विस्थापन, लांबलेलं आजारपण, संस्थेत गेलेलं बालपण. अशा अनुभवांतून आलेल्या मुलांसाठी कार्यक्रम आखताना आयोजकांना पहिला मोह होतो तो त्यांची कहाणी ऐकण्याचा. फॉर्मवर, मुलाखतीत, शिबिरातल्या रात्रीच्या गप्पांत, समारोपाच्या मंचावर. हा मोह आवरायचा. कहाणीलाच किंमत आहे हे मुलांच्या लगेच लक्षात येतं, आणि ती कहाणी नीट सांगायला शिकतात. नेतृत्व शिकण्यासाठी त्यांच्या हातात खरं काम पडावं लागतं.

गट, वेळ, पैसे

एका गटात 16 ते 20 मुलं घ्या आणि वयातलं अंतर तीन वर्षांच्या आत ठेवा. 14 आणि 19 वर्षांची मुलं एकत्र बसवली की लहान गप्प होतात आणि मोठी नकळत शिक्षक होतात. सत्र चालवायला दोन संयोजक लागतात, शिवाय एक तिसरा माणूस पूर्ण मोकळा हवा. खर्चाला कात्री लावताना नेमका हाच माणूस आधी जातो. पण एखादं मूल मध्येच उठून बाहेर गेलं, तर त्याच्यामागे जाणारा तोच असतो. तो नसेल तर एक संयोजक बाहेर जातो आणि दुसरा उरलेल्या गटाला कसाबसा सांभाळत बसतो.

आठवड्याला दोन तास, असे नऊ ते बारा महिने धरा. मुक्कामी शिबिर सुरुवातीला घेऊ नका. परक्या जागी, परक्या माणसांत झोपणं हेच काहींना सगळ्यात जड जातं. ते तिसऱ्या महिन्यानंतर घ्या, एकच रात्र ठेवा, झोपायच्या खोलीचे फोटो आधी दाखवा आणि मध्यरात्रीही घरी सोडायची सोय असू द्या.

प्रवासखर्च आगाऊ द्या. ‘तिकीट दाखवा, मग पैसे मिळतील’ हा नियम हिशेबाला सोयीचा आहे, पण ज्याच्या खिशात जायचेच पैसे नाहीत तो तिकीट आणणार कुठून? खाणंही सत्राच्या शेवटी न ठेवता पहिल्या दहा मिनिटांत द्या. संध्याकाळच्या सत्रातली पेंग आणि चिडचिड यांत भुकेचा वाटा मोठा असतो.

निवड

‘तुमच्या आयुष्यातील संघर्षाबद्दल 500 शब्दांत लिहा’ हा प्रश्न फॉर्मवरून काढून टाका. त्यातून सोसलेल्याची स्पर्धा लागते आणि लिहिण्याची हातोटी असलेला पुढे जातो. विद्यार्थ्याची परिस्थिती त्याचं नाव सुचवणाऱ्या शिक्षकाने किंवा समाजसेवकाने एका ओळीत कळवली तरी पुरते, तीही विद्यार्थ्याला विचारून. फॉर्मवर चार प्रश्न खूप झाले: गेल्या वर्षात तू कोणतं काम अंगावर घेतलंस? आठवड्यातून किती वेळ? त्यात काय बिघडलं? इथे काय करून बघायला आवडेल? उत्तरं लिहून किंवा आवाज रेकॉर्ड करून, कशीही चालतील.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं वाचायला शिकावं लागतं. ‘काहीच नाही, घरीच असते’ असं लिहिणारी मुलगी पुढे बोलता बोलता सांगते की धाकट्या दोघांना शाळेत सोडते, आजीची औषधं वेळेवर देते आणि दवाखान्यात आईच्या वतीने बोलते. ही चौघांची व्यवस्था आहे, फक्त तिला तसं नाव कुणी दिलेलं नाही. म्हणून 20 मिनिटांची मुलाखत घ्या, समोर दोघेच बसा आणि प्रश्न दोन दिवस आधी पाठवा. अचानक विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचं कौशल्य इथे तपासायचं नाही. निवडीच्या यादीत निम्म्याहून जास्त मुलं फाडफाड बोलणारी असतील, तर यादी पुन्हा बघा.

खोलीत काय असावं, काय नसावं

खुर्च्या गोलात मांडा आणि दाराकडची वाट मोकळी ठेवा. दार लावून घेतलेल्या खोलीत काहींचं अर्धं लक्ष दाराकडेच राहतं. आज काय होणार आणि किती वाजता संपणार, हे फळ्यावर लिहा आणि पाळा. कोणत्याही फेरीत ‘पास’ म्हणायची मुभा असावी, कारण विचारू नये. ही मुभा पहिल्या दिवशी संयोजकाने स्वतः वापरून दाखवावी, नाहीतर ती कागदावरच राहते.

डोळे बांधून चालवणं, पाठीमागे पडून दुसऱ्याने झेलणं, अचानक मोठा आवाज करणारे खेळ टाळा. आणि एक खेळ तर हमखास टाळा, जो मोठ्यांना फार आवडतो. सगळे एका रेषेत उभे राहतात. ‘ज्यांच्या घरी पुस्तकं होती त्यांनी एक पाऊल पुढे’, ‘ज्यांना कधी उपाशी झोपावं लागलं त्यांनी एक पाऊल मागे’, असं चालतं. दहाव्या वाक्याला दोघं-तिघं भिंतीला टेकलेली असतात आणि पुढचे मान वळवून बघत असतात. कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता, तीच मुलं इतरांच्या धड्याचं साहित्य होतात.

कुणी गोठून गेलं, श्वास जोरात चालू झाला, तर मोकळ्या माणसाने शेजारी बसावं, समोर उभं राहू नये. विचारल्याशिवाय हात लावू नये. पाणी द्यावं आणि हळू आवाजात आसपास दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं सांगायला सांगावं. ‘काय झालं?’ हा प्रश्न तेव्हा नको. मूल परत आलं की टाळ्या वाजवू नका, चालू काम पुढे न्या.

गुप्ततेची मर्यादा पहिल्याच सत्रात सांगा: ‘तू सांगितलेलं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल, तर मला ते ठरलेल्या व्यक्तीला सांगावंच लागेल.’ मुलाने सांगून झाल्यावर ही अट सांगणं म्हणजे विश्वासघात. असं काही कानावर आलंच तर तपास करू नका, त्याच्या तोंडी शब्द घालू नका. त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे द्या. त्या व्यक्तीचं नाव कार्यक्रम सुरू होण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

जबाबदारी चढती ठेवा

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सगळ्यात पक्का बनतो तो स्वतः करून यशस्वी झाल्याच्या अनुभवातून. भाषणं, शाबासकी, दुसऱ्याचं उदाहरण हे सगळं त्यामागून येतं. त्यामुळे प्रेरणादायी व्याख्यानांवर वेळ घालवणं म्हणजे नमनाला घडाभर तेल.

पहिले सहा आठवडे लहान कामं द्या: वेळ पाळणं, हजेरी, साहित्य, सुरुवातीची दहा मिनिटं. कामं फिरती ठेवा. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात दोघांनी मिळून 20 मिनिटांचं सत्र चालवायचं, आधी एकदा तालीम करून. सहाव्या महिन्यापासून चार-पाच जणांचा प्रकल्प, जो सहा आठवड्यांत पुरा होईल आणि ज्याचं काम चालत जाता येईल इतक्या टापूत असेल. ‘परिसर स्वच्छ करू’ हा विषय फार पसरट आहे. ‘शाळेच्या मागच्या दाराचा दिवा दुरुस्त करून घेऊ’ हा चांगला, कारण तो झाला की नाही हे रात्री डोळ्यांनी दिसतं.

मग तीन रकान्यांचा कागद भिंतीवर लावा: मुलं एकटी ठरवतील, आपण मिळून ठरवू, मोठे ठरवतील. प्रत्येक निर्णय एका रकान्यात जातो. पहिला रकाना रिकामा असेल तर कार्यक्रम शोभेचा आहे. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, मुलांना वापरून घेणं, त्यांना सजावटीसारखं मिरवणं आणि नावापुरतं सामील करणं, या सहभागात धरल्याच जात नाहीत. बऱ्याच युवा समित्या तिसऱ्या पायरीवर अडकलेल्या असतात: मत विचारलं जातं, पण त्याने काहीच बदलत नाही.

पैसाही द्या. एकूण खर्चाच्या पाच ते दहा टक्के रक्कम प्रकल्पगटांच्या हाती असावी. प्रत्येक खर्चावर दोन मुलांच्या सह्या, प्रत्येक पावती वहीत चिकटवलेली. चूक होईल, महागडी वस्तू घेतली जाईल. ती होऊ द्या. संयोजकाने मध्ये पडायचं ते तीनच कारणांनी: कुणाला इजा होण्याची शक्यता, कायद्याचा भंग किंवा ठरलेल्या रकमेपलीकडचा खर्च. सगळ्यात जास्त प्रकल्प बिघडतात ते शेवटच्या आठवड्यात, मोठ्यांनी ‘वाचवल्यामुळे’. प्रकल्प देखणा होतो आणि मुलांना कळतं की तो आपला नव्हता.

प्रत्येक टप्प्यानंतर 15 मिनिटं बसा: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलू. चुकलं कोण, हा पाचवा प्रश्न कुणी काढला तर तिथेच थांबवा.

मार्गदर्शक

एका मुलामागे एक मार्गदर्शक, पंधरवड्यातून एक तास, लोकांची ये-जा असलेल्या ठिकाणी. पूर्वचौकशी झाल्याशिवाय कुणालाही घेऊ नका. वर्षभराची हमी न देणारा कितीही नामांकित असो, नाकारा. मार्गदर्शनाच्या जोड्यांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांची स्वतःबद्दलची किंमत उलट घटली. ज्याला माणसं सोडून जाण्याची सवय आहे, त्याच्या आयुष्यातून आणखी एक माणूस असा निघून जातो.

गैरहजेरी

त्याच दिवशी फोन करा, पण ‘का आला नाहीस’ असं विचारू नका, ‘पुढच्या वेळी जागा ठेवली आहे’ एवढं सांगा. लागोपाठ दोन सत्रं चुकली तर भेटायला जा. चुकलेल्या सत्राचा गाभा 30 मिनिटांत सांगायची सोय ठेवा. ‘तीन गैरहजेऱ्या, नाव रद्द’ हा नियम नेमका त्यांनाच बाहेर काढतो ज्यांच्या घरी काहीतरी चालू आहे.

मंच आणि फोटो

देणगीदारांसमोर मुलांनी प्रकल्प मांडावा, आयुष्य नाही. कुणाला स्वतःबद्दल बोलायचंच असेल तर दोन गोष्टी बघा: तो प्रसंग अजून चालू नाही ना, आणि तो याआधी विश्वासातल्या दोन-तीन माणसांना सांगून झाला आहे ना. बोलणं आधी लिहून घ्या, आदल्या रात्रीपर्यंत नकार देता येईल असं सांगा आणि नंतर श्रोत्यांचे प्रश्न घेऊ नका. फोटोसाठी पालकांची संमती घ्या आणि मुलाचीही स्वतंत्र घ्या. फोटोखाली ‘अनाथ’, ‘पीडित’ असं काही लिहू नका.

मोजमाप

‘आत्मविश्वास एक ते दहा’ असं सुरुवातीला आणि शेवटी विचारून तुलना करू नका. सुरुवातीला मुलं स्वतःला आठ देतात, काम कळल्यावर सहा, आणि अहवालात कार्यक्रम फसलेला दिसतो. ‘तेव्हा किती होता, आज किती आहे’ हे दोन्ही शेवटीच विचारा. त्याहून भरवशाच्या नोंदी म्हणजे किती सत्रं मुलांनी चालवली, पहिल्या रकान्यात किती निर्णय होते आणि सहाव्या महिन्यात कितीजण येत होते.

कार्यक्रम संपायची तारीख पहिल्या दिवशीच सांगा. शेवटच्या तीन महिन्यांत सत्रं पंधरवड्यातून एकदा करत जा. पुढच्या गटाच्या मुलाखतीत समोर बसणाऱ्या दोघांपैकी एक जागा या गटातल्या कुणाला द्या, आणि संपर्काचा एक क्रमांक पुढची किमान दोन वर्षं चालू ठेवा.