मऊ बाहुली हातात घेण्याआधी

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईच्या चोर बाजारात शुक्रवारी दुकानं बंद असली तरी पहाटे रस्त्यावर माल पसरतात, हे तुम्हाला माहीत असणारच. म्हणून जुनी खेळणी जोडून शिल्पं करणाऱ्या तुमच्यासाठी थेट मालाकडे येते.

चावीच्या पत्र्याच्या गाड्या, लाकडी ठकी, पांगुळगाडा, पितळी भातुकली यांनी मला कधी छळलं नाही. गंज दिसतो, वाळवीची भोकं दिसतात. छळलं ते मऊ बाहुल्यांनी. आपण त्यांना रबरी म्हणतो, पण गेल्या साठेक वर्षांतल्या बहुतेक पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, आणि वर्षं गेली की ते बाहेर पाझरतं. कंपासपेटीत उन्हाळाभर पडलेला खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटतो आणि पट्टीत खळगा पडतो ना? तेच इथे घडतं, फक्त खळगा तुमच्या शिल्पात पडतो.

माझ्या चौकटीत बसवलेल्या एका शिल्पात अशा बाहुलीचं डोकं कडक प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांना टेकलेलं होतं. उन्हाळा सरेपर्यंत ठोकळे मऊ पडले आणि डोक्यावर बसलेली धूळ काही निघेना. काम विकलं गेलं होतं. पैसे परत केले, त्याचा सल अजून आहे.

वरून वॉर्निश मारून हे थांबत नाही, वॉर्निशच चिकट राहतं. पावडर लावली की चिकटपणा फक्त झाकला जातो, आणि विकणारेही कधीकधी तेच करतात. तेव्हा बाहुली पुसून मग दाबून बघा. घरी आणली की पातळ कागदात गुंडाळून काही दिवस ठेवा. कागदावर तेलकट डाग आला तर ती प्लॅस्टिकशेजारी नको, रंगवलेल्या पृष्ठभागावर तर नकोच. मध्ये काच किंवा पॉलिएस्टरची फिल्म ठेवा. पत्र्यापासूनही लांबच बरी, कारण सडणाऱ्या पीव्हीसीतून आम्ल निघतं आणि पत्रा खातं. कार्यशाळांमधून ‘सगळं रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात) ओता’ असं शिकवतात. मला ते आळशीपणाचं वाटतं. त्या गुरूंनी पाच वर्षांनी आपलंच काम पुन्हा पाहिलं असेल का, कोण जाणे.

जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसं असणार असंच धरून चाला. ओल्या फडक्याने पुसा, घरात लहान मूल असेल तर कामाची जागाच वेगळी ठेवा. पातळ, हलकी, पोकळ बाहुली कोमट पाण्यात बुडवल्यावर कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची. ती भसकन पेटते; ग्लू गन आणि सोल्डरिंग लांब ठेवा.

घाबरू नका. यात फारसा खर्च नाही. विकणाऱ्या काकांना सुटे हातपाय, निखळलेली चाकं, स्प्रिंग गेलेल्या गाड्या मागा. तो माल त्यांच्याही गळ्यात पडलेला असतो, घासाघीस करावी लागत नाही. चालू स्थितीतली चावीची गाडी मिळाली तर मात्र ती फोडू नका. संग्राहकाला द्या आणि त्या पैशांत तुटक्यांची पिशवी भरून आणा.