विभागाचा अहवाल: फोटो कमी, रुमाल जास्त

गुणवत्ता कक्षाचा मेल येतो: ‘इतिहास विभागाच्या संशोधन व अध्यापनातील उपलब्धी दोन दिवसांत पाठवाव्यात.’ प्रमुखांना वेळ नसतो, ज्येष्ठांना उत्साह नसतो, त्यामुळे हे काम विभागातल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. मी बरीच वर्षं विभागप्रमुख होते, असले ढीगभर अहवाल वाचलेत, काही दुसऱ्या विद्यापीठांचे तपासलेतही. म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे, मागच्या वर्षीची फाइल उघडून नुसत्या तारखा बदलू नका. सहकाऱ्यांकडे जा आणि ‘तुमचे किती पेपर झाले?’ असं न विचारता ‘कुठल्या दप्तरात बसलात आणि काय हाती लागलं?’ असं विचारा. आपल्याकडची माणसं यावर अर्धा तास बोलतात. तेच टिपून घ्या, अहवालाचा ऐवज त्यातच असतो.

एक वाक्य घेऊन दाखवते. नेहमीचं वाक्य असं: ‘मराठेकालीन अर्थव्यवस्थेवर शोधनिबंध प्रसिद्ध.’ यावरून वाचणाऱ्याला काय कळणार? तेच असं लिहा (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा): ‘पुणे पुराभिलेखागारातील प्रांत अजमास रुमालांमधल्या हिशेबांवरून एका परगण्याच्या वसुलीचा अभ्यास. मोडीचं लिप्यंतर विभागातच केलं. निवडक कागद परिशिष्टात छापले.’ पुढे परगण्याचं नाव, साल, रुमाल क्रमांक, नियतकालिकाचं नाव, अंक, पृष्ठं. आता कुठले कागद पाहिले, कोणी वाचले आणि पुढच्या अभ्यासकाला ते कुठे सापडतील, हे सगळं आलं.

परिशिष्टाचा उल्लेख मुद्दाम करा. मूळ कागद नीट वाचून छापणं हे ‘निव्वळ संकलन’ आहे, असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो मूळ पत्रांचाच. पुढे गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत संपादित केले. त्यांच्यावर आजही आपले निम्मे प्रबंध उभे आहेत.

नियतकालिकांच्या दर्जाचा घोळ वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०१९ पासून होती, ती २०२५ मध्ये बंद झाली. जुन्या लेखापुढे ‘प्रसिद्धीच्या वेळी केअर यादीत’ एवढं लिहा आणि त्या वेळचा स्क्रीनशॉट असेल तर जोडा. पीएचडीच्या बाबतीत नोंदणी, सादरीकरण आणि पदवी या तीन तारखांचे रकाने वेगळे ठेवा. नोंदणी झालेल्यांना पदवी मिळालेल्यांत धरणारे अहवाल मी पाहिलेत. तपासणारा सगळ्यात आधी तेच पकडतो. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, असेल तर दुवा द्या आणि देण्याआधी तो उघडतोय का ते पाहा.

अध्यापनाच्या बाजूला मात्र बहुतेक अहवाल लंगडे पडतात. ‘मोडी कार्यशाळा संपन्न, विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ आणि खाली बॅनरसमोर उभ्या पाहुण्यांचा जिओटॅग फोटो. अहो, पण मोडी वाचायला किती जण शिकले? कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी आणि शेवटी तोच कागद वाचायला द्या, दोन्ही उत्तरपत्रिका जपा. डावीकडे मोडी आणि उजवीकडे विद्यार्थ्याच्या हातचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, असं एक पान अहवालात लावलं की बॅनर नसला तरी चालतो.

दुसरं उदाहरण कालगणनेचं. एमएच्या मुलांना मी हमखास विचारायची: कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ आहे, साल सांगा. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. सुहूर सन, म्हणजे मराठेकालीन कागदांवर अरबी अंकनावांत लिहिलेलं साल, झालं ११६१. मृग लागला की हे साल बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६०-६१. मग कोणीतरी मागच्या बाकावरून ओरडतं, ‘मॅडम, पानिपत!’ १४ जानेवारी १७६१ याच सालात पडते. असा प्रश्न अंतर्गत परीक्षेत घातला असेल तर प्रश्नपत्रिका आणि गुणांचा तक्ता जोडा. अध्ययन निष्पत्तीच्या रकान्यात ‘चिकित्सक विचारशक्ती विकसित झाली’ लिहिण्यापेक्षा ‘विद्यार्थी सुहूर सनाची तारीख इसवी सनात बदलू शकतात’ हे तपासता येतं.

नेट-सेट उत्तीर्ण झालेल्यांचं प्रमाणपत्र मागून घ्या, ऐकीव नावं घालू नका. माजी विद्यार्थी पुराभिलेखागारात, संग्रहालयात किंवा गावच्या शाळेत काय करतात, तेही दोन ओळींत लिहा. स्पर्धा परीक्षावाल्यांचे फोटो सगळेच लावतात. एकच व्याख्यान संशोधन, विस्तारकार्य आणि विद्यार्थी उपक्रम अशा तीन ठिकाणी मोजू नका.

सगळं झालं की प्रत्येक दाव्यापुढे पुराव्याचा क्रमांक टाका, त्याच क्रमाने पीडीएफना नावं द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘सरांनी सांगितलेलं फायनल’ असली नावं नकोत. सही झालेली प्रत कक्षाकडे द्या आणि पोच घ्या. वर्डची फाइल विभागाच्या संगणकावर आणि स्वतःच्या पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेवा. विभागाचा संगणक नेमका तपासणी समिती यायच्या आठवड्यात बंद पडतो.