पुढचा भाग घेताय? या चुका टाळा

पुस्तकाच्या कण्यावरचा आकडा बघून पुढचा भाग उचलणं ही वाचकाची फार महागडी सवय. पॅरानॉर्मल रोमान्स (व्हँपायरसारख्या अद्भुत पात्रांच्या प्रेमकथा) असो वा सुपरहिरो कॉमिक्स, तो आकडा दोन्हीकडे दगा देतो. दगा देण्याची तऱ्हा तेवढी वेगळी.

रोमान्समध्ये गफलत होते ती अपेक्षेची. पहिल्या भागातल्या जोडीचं पुढे काय झालं या उत्सुकतेनं दुसरा घ्यावा, तर ती दोघं कोपऱ्यात चहा पीत बसलेली आणि प्रेमात पडलंय भलतंच कुणीतरी. जे. आर. वॉर्ड यांची २००५ साली सुरू झालेली 'ब्लॅक डॅगर ब्रदरहुड' ही व्हँपायर मालिका याच पठडीतली. उलट शार्लेन हॅरिस यांच्या २००१ ते २०१३ मधल्या तेरा कादंबऱ्यांत सूकी ही एकच नायिका आहे. तिथे मधला भाग गाळलात तर तिचं कोणाशी का फाटलं, हे कळणारच नाही. त्यामुळे मलपृष्ठावर नायक-नायिकेची नावं आधी वाचा, आकडा मागाहून.

'ट्वायलाइट' या व्हँपायर प्रेमकथेचं मूळ कथानक चौथ्या पुस्तकात, २००८ मध्ये संपलं. २०२० चं 'मिडनाइट सन' पाचवा भाग समजून घेतलंत, तर पहिल्याच पुस्तकाची गोष्ट नायक एडवर्डच्या नजरेतून पुन्हा वाचाल. आवडत असेल तर जरूर घ्या, पण पुढे काय झालं ते त्यात शोधू नका.

कॉमिक्सचा घोळ मात्र खरा दांडगा. तिथे 'अंक १' म्हणजे सुरुवात असेलच असं नाही. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' १९६३ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ असं पुन्हापुन्हा एकपासून मोजलं गेलं. डीसी या कॉमिक्स प्रकाशनानं तर २०११ मध्ये एका झटक्यात ५२ मालिकांना 'अंक १' लावला. नव्या गिऱ्हाइकाला एक आकडा बघून धीर येतो, हे प्रकाशकांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून 'भाग २' लिहिलेला, अनेक अंक एकत्र बांधलेला संग्रह हाती आला की पहिला प्रश्न हाच: कोणत्या सालच्या मालिकेचा?

उत्तर मुखपृष्ठावर मिळेलच असं नाही. छपाईचा तपशील असतो ते बारीक अक्षरांचं पान उघडा. तिथे नाहीतर मलपृष्ठाच्या तळाशी 'कलेक्ट्स' किंवा तशाच शब्दापुढे मालिकेचं नाव, बहुधा साल, आणि अंकांचे आकडे असतात. तुमचा आधीचा संग्रह सहाव्या अंकाला संपला असेल आणि हा सातव्याला सुरू होत असेल, तर बिनधास्त घ्या. तेराव्याला सुरू होत असेल तर मधलं एक पुस्तक तरी राहिलंय, कारण एका संग्रहात साधारण पाच-सहाच अंक मावतात. नाव तेच पण साल वेगळं असेल तर आहे तिथेच ठेवून द्या. घरच्या शेवटच्या पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजाराच्या गर्दीत काउंटरशी उभं राहून आठवत बसायला कुणी वेळ देत नाही.

कॉमिक्समध्ये दोन प्रकरणांच्या मध्येच नायकाचा पोशाख बदललाय, जिवलग मित्र वैरी झालाय? पानं गळालीत म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालायला जाऊ नका. (पुण्यात अशी हुज्जत कोण जिंकतं ते सांगायला नकोच.) बहुतेक वेळा मधली घटना दुसऱ्याच मालिकेत घडलेली असते. मार्व्हल या प्रकाशनाच्या २००६ च्या 'सिव्हिल वॉर'चे मूळ अंक सातच, पण त्याचे पडसाद कितीतरी मालिकांमध्ये उमटले. तेवढं मूळ पुस्तक वाचलं तरी बरंचसं उलगडतं.

फुटपाथवरच्या नव्याकोऱ्या पण स्वस्त, बहुधा चोरून छापलेल्या प्रतीचं मात्र वेगळं, तिथे पानं खरंच गळालेली असू शकतात. अक्षरं पसरलेली, कागद पलीकडचं दाखवणारा, तर पानांचे क्रमांक सलग आहेत का ते तिथेच तपासून घ्या.

चुकीचा भाग घरी आलाच, तर वेगळ्या जोडीची कादंबरी खुशाल वाचा, एकाच नायिकेची असेल तर आधीचा भाग मिळेपर्यंत बाजूला ठेवा. कॉमिक्समध्ये सुरुवातीलाच 'आतापर्यंत काय घडलं' असा मजकूर आहे का बघा. असला तर दुसरा भागही आधी वाचून होतो.